एका पुनरुत्थानगीताचा अभ्यास

गेल्या वर्षीं ईस्टरच्या सणाआधीं आम्हीं आमच्या शाळेंतील वरच्या वर्गाच्या मुलांस एक जर्मन समूहगीत यंत्रावर ऐकविलें. गीत सुमारें वीस मिनिटांचें. शब्द कोणासच कळत नव्हते. तरी मुलें शांतपणें ऐकत होतीं. गीत संपल्यावर मागच्या बांकावरील एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ईस्टर म्हणजे आनंदाचा सण ना? मग हें गाणें कोणी मेल्यासारखें कां वाटतें?" वर्गांत हंशा पिकला. "त्या लोकांची गाण्याची रीतच तशी," असें कांहीं तरी उत्तर आम्हीं दिलें, आणि तास संपला. तो विद्यार्थी खालीं बसला खरा. परंतु आमचें उत्तर आमचें आम्हांसच पटलें नाहीं. प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नास उडवाउडवीचें उत्तर देणें शिक्षकास शोभत नाहीं. पुढें सवडीप्रमाणें आम्हीं त्या गीताचा अभ्यास केला. त्या विद्यार्थ्याचें जें देणें आमच्याकडे राहिलें, तें या लेखानें फेडावें असा आमचा हेतु आहे.

ज्या पालकांस ख्रिस्ती सणांची विशेष माहिती नसेल त्यांच्याकरितां प्रथम एवढें सांगतों, कीं उत्तम शुक्रवारीं प्रभु येशू ख्रिस्तास वधस्तंभावर मरण आलें आणि तिसऱ्या दिवशीं तो मेलेल्यांतून उठला, असा ख्रिस्ती लोकांचा विश्वास आहे. त्या तिसऱ्या दिवसाचा सण तो ईस्टर, म्हणजेच पुनरुत्थानाचा सण. नाताळ हा सण मोठ्या थाटाचा खरा. परंतु ख्रिस्ती वर्षाचा कळस ईस्टर हाच होय.

आपण ज्या गीताचा विचार करणार आहों, त्याचें जर्मन नांव 'क्रिस्ट लाग इन टोडेस बांडेन' असें आहे. मरणाच्या बंधनांत ख्रिस्त पडला होता, असा त्या नांवाचा अर्थ. याचा संगीतकार योहान सेबास्टियन बाख. हा इ. स. १६८५ त जर्मनींतील आयझेनाख या गांवीं जन्मला आणि १७५० त लाइप्झिग येथें वारला. त्याचीं अशा प्रकारचीं सुमारें दोनशें समूहगीतें आज उपलब्ध आहेत, आणि त्यांतील अगदीं आरंभीच्या गीतांपैकीं हें एक आहे. तें १७०७ सालच्या ईस्टरच्या सुमारास रचलें असावें असें बहुतेक अभ्यासक मानतात. त्या वेळीं बाखचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. आपल्या इतिहासांतील खुणा लावून काळ लक्षांत ठेवावयाचा असेल तर असें पाहा : मालवणच्या समुद्रांत सिंधुदुर्गाचा पाया १६६४ त घातला गेला, त्यानंतर एकवीस वर्षांनीं बाख जन्मला. आणि १७०७ च्या मार्च महिन्यांत अहमदनगरजवळ औरंगजेब बादशहा मरण पावला, त्याच वसंत ऋतूंतील ईस्टरचें हें गीत आहे.

परंतु गीताची कथा बाखपासून सुरू होत नाहीं. थोर गीत हें बहुधा एका माणसाचें किंवा एका दिवसाचें नसतें. अकराव्या शतकांत युरोपांतील मठांमधून ईस्टरच्या दिवशीं लॅटिन भाषेंत एक स्तोत्र गात असत. मरण आणि जीवन यांचें द्वंद्वयुद्ध झालें ही कल्पना त्या स्तोत्रांत आहे. लॅटिन ही विद्वानांची आणि धर्मगुरूंची भाषा. सामान्य जर्मन शेतकऱ्यास तींतील अक्षरही कळत नसे. म्हणून बाराव्या शतकाच्या सुमारास त्या चालीच्याच आधारानें लोकांच्या जर्मन भाषेंत एक लहानसें ईस्टरगीत तयार झालें. त्याचा कर्ता कोण हें ठाऊक नाहीं. तें जत्रेंत, रस्त्यावर आणि मंदिरांत लोक आपण होऊन गाऊं लागले. पुढें १५२४ सालीं मार्टिन लूथर यानें या दोन्हीं गीतांवरून सात कडव्यांचें नवें गीत रचलें. जुनें गीत सुधारलें आहे, अशा अर्थाचा मथळा घालून तें छापण्यांत आलें. आपण नवें कांहीं केलें असें लूथरनें म्हटलें नाहीं. वाडवडिलांचेंच घर डागडुजी करून राहण्याजोगें केलें, असा त्याचा भाव दिसतो. चालही त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं जुन्या चालींवरूनच बांधली.

लूथरचा उद्देश असा होता, कीं मंडळीनें उपासनेंत केवळ ऐकत बसूं नये, तर स्वतः गावें. आणि गावें तें स्वतःच्या भाषेंत गावें. दळणारी बाई, सुतार, शाळेंतला मुलगा अशा सर्वांस तोंडपाठ व्हावें असें गीत पाहिजे होतें. म्हणून चाल सोपी, सूर थोडे, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटीं एकच पालुपद : हालेलूया. आपल्याकडील भजनांत पालुपद आलें कीं मागें बसलेले सर्व लोक टाळ वाजवून त्यांत सामील होतात, तसेंच हें.

आतां एक योगायोग पाहण्यासारखा आहे. लूथर लहानपणीं ज्या आयझेनाख गांवीं शाळेंत शिकला आणि दारोदार गाणीं गाऊन भाकरी मिळवीत असे, त्याच गांवीं पुढें दोनशें वर्षांच्या आंत बाख जन्मला आणि त्याच शाळेंत गेला. गांवावरच्या टेकडीवर वार्टबुर्गचा किल्ला आहे. तेथें लपून राहिला असतां लूथरनें नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें. बाखच्या घराण्यांत कित्येक पिढ्या गाण्याबजावण्याचाच व्यवसाय चालत आला होता, आणि लूथरचीं गीतें त्या घरांत आईच्या दुधाबरोबर मिळत असत.

परंतु तें दूध त्यास फार दिवस लाभलें नाहीं. १६९४ च्या मे महिन्यांत त्याची आई वारली. पुढच्या वर्षीं फेब्रुवारी महिन्यांत बापही गेला. तेव्हां त्यास दहावें वर्षही पुरें झालें नव्हतें. वडील भाऊ ओर्डरुफ गांवीं मंदिरांत ऑर्गन वाजवीत असे. त्यानें या पोरक्या भावास घरीं नेलें आणि वाद्य शिकविलें. हा भाऊ पाखेल्बेल नांवाच्या प्रसिद्ध संगीतकाराचा शिष्य होता, आणि त्या पाखेल्बेलनेंही लूथरच्या याच ईस्टरगीतावर समूहगान रचलें होतें. दोहोंत कित्येक ठिकाणीं साम्य दिसतें. तात्पर्य, विद्यार्थ्यानें आधीं पूर्वसूरींचें नीट गिरवावें, मग स्वतःची लेखणी चालवावी, हा नियम बाखसही चुकला नाहीं. पंधराव्या वर्षीं भावाच्या घरांतून निघून तो दूर उत्तरेस ल्यूनेबुर्ग येथील शाळेंत गेला. आवाज चांगला, म्हणून गाणाऱ्या गरीब मुलांत त्याची सोय लागली.

अठराव्या वर्षीं आर्नष्टाट गांवीं त्यास ऑर्गन वाजविण्याची जागा मिळाली. तेथील एक हकीकत विद्यार्थ्यांनीं अवश्य ऐकावी. १७०५ सालच्या शरद ऋतूंत त्यानें चार आठवड्यांची रजा घेतली आणि ल्यूबेक शहरीं बुक्स्टेहुडे या वृद्ध संगीतकाराचें वादन ऐकण्यासाठीं तो पायीं निघाला. अंतर सुमारें ४०० किलोमीटर, म्हणजे मालवणाहून पुण्यास चालत जावें इतकें. तेथें ऐकण्यासारखें इतकें होतें, कीं चार आठवड्यांचे सुमारें चार महिने झाले! परत आल्यावर मंदिराच्या पंचांनीं त्यास समोर बोलावून जाब विचारला. रजेचा जाब तर होताच. त्याखेरीज अशी तक्रार होती, कीं मंडळी गात असतां हा गृहस्थ साथींत इतके विचित्र सूर मिसळतो, कीं लोकांस मूळ चालच सांपडत नाहीं आणि मंडळी गोंधळून जाते. विद्येसाठीं केलेल्या पायपिटीचें कौतुक करावें. पण रजेची मर्यादा मोडण्याचें अनुकरण करूं नये, एवढें शिक्षक या नात्यानें आम्हांस म्हणणें भाग आहे.

पुढच्या वर्षीं म्यूलहाउझेन शहरांत जागा रिकामी झाली, आणि १७०७ च्या ईस्टरच्या दिवशीं, २४ एप्रिल रोजीं, बाखची तेथें परीक्षा झाली. आपलें हें गीत त्याच परीक्षेसाठीं रचलें असावें असें अभ्यासकांचें अनुमान आहे. ज्या तरुणाविरुद्ध वर्षभरापूर्वीं 'हा चाल हरवून टाकतो' अशी तक्रार झाली होती, त्यानें या गीतांत सातही कडव्यांत लूथरची चाल एकदांही सोडली नाहीं. हा त्या तक्रारीचा जबाब होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण योग बोलका आहे खरा. तात्पर्य, ती जागा त्यास मिळाली.

आतां गीताच्या रचनेकडे वळूं. आपल्यापैकीं ज्यांनीं कीर्तन ऐकलें आहे त्यांस ती समजण्यास अडचण पडणार नाहीं. कीर्तनकार पूर्वरंगांत संताचा एक अभंग घेतो. त्याचा एक एक चरण उलगडतो, दृष्टांत देतो, कधीं हंसवितो, कधीं रडवितो. परंतु फिरून फिरून त्याच अभंगावर येतो. बाखनें लूथरच्या गीतावर स्वरांनीं केलेलें कीर्तन म्हणजेच ही रचना. शब्द लूथरचे जसेच्या तसे. अर्थाचें निरूपण मात्र सूर करितात. गाणारे चार गट : मुलांच्या किंवा स्त्रियांच्या आवाजाचे वरचे दोन, आणि पुरुषांच्या आवाजाचे खालचे दोन. साथीस तंतुवाद्यें व ऑर्गन.

चार गट चार निराळे सूर एकाच वेळीं गातात आणि तरी गोंगाट होत नाहीं, हें आपल्या विद्यार्थ्यांस नवल वाटतें. कारण आपल्या संगीतांत सर्व जण मिळून एकच सूर धरतात. त्यांनीं किनाऱ्यावरची रापण आठवावी. जाळ्याचे दोन दोर दोन्हीं बाजूंस ओढले जातात. कोणी पुढें, कोणी मागें, कोणी कमरेइतक्या पाण्यांत उभा. प्रत्येकाची जागा वेगळी व ओढ वेगळी; पण जाळें एकच आणि तें सर्वांनीं मिळून किनाऱ्यास आणावयाचें. कोणी एकानें दोर ढिला सोडला तर जाळें वांकडें येतें आणि मासळी निसटते. चार सुरांत गाणारांची गोष्ट अशीच आहे.

आरंभीं केवळ वाद्यांचा एक छोटा भाग आहे. तो दोन मिनिटेंही चालत नाहीं. त्यांत व्हायोलिन हळूच अर्ध्या सुरानें खालीं उतरतें आणि थांबतें. पुन्हां उतरतें आणि थांबतें. ही अर्ध्या सुराची उतरण हाच लूथरच्या चालीचा पहिला ठेवा आहे. कबरेच्या दाराशीं बसून कोणी उसासा टाकावा, तसा हा आरंभ.

पहिल्या कडव्यांत चारही गट गातात. सर्वांत वरचा गट मूळ चाल लांबवून, सावकाश गातो, आणि खालचे तीन गट तिच्याभोंवतीं वेलीसारखे धांवत असतात. आमच्या पापांसाठीं ख्रिस्त मरणाच्या बंधनांत पडला. तो उठला, त्यानें आम्हांस जीवन आणलें. म्हणून आम्ही आनंद करावा, असा कडव्याचा आशय आहे. शेवटीं हालेलूया येतें तेव्हां लय एकदम दुप्पट होते.

दुसऱ्या कडव्यांत मात्र केवळ दोन वरचे आवाज उरतात. मरणास जिंकील असा मनुष्य कोणी नव्हता. आम्ही सर्व त्याच्या बंदींत होतों, असें हें कडवें सांगतें. मरण हा शब्द आला कीं आवाज तीच अर्ध्या सुराची उतरण घेतात आणि थबकतात. पुन्हां तोच शब्द, पुन्हां उतरण. बेड्या घातलेला मनुष्य दोन पावलें टाकून थांबतो तसें हें वाटतें. येथें हालेलूयाही हळू, दबलेलें असें येतें.

तिसऱ्या कडव्यांत देवाचा पुत्र आमच्या जागीं आला, त्यानें मरणाचा हक्क हिरावून घेतला, हें वर्णन आहे. एकच पुरुषी आवाज चाल गातो आणि व्हायोलिन भरधांव धांवतात. आतां मरणाचें केवळ सोंग उरलें, बाकी कांहीं नाहीं, अशा अर्थाच्या ओळींत जेथें 'कांहीं नाहीं' हा शब्द येतो, तेथें धांवतें संगीत एकाएकीं थांबतें. क्षणभर खरोखरच कांहीं नाहीं! मग तें पुन्हां धांवूं लागतें. ही जागा आम्ही विद्यार्थ्यांस मुद्दाम दाखवितों. शब्दाचा अर्थ गळ्यानें आणि हातानें कसा सांगावा याचा हा उत्तम धडा आहे.

चौथें कडवें मधोमध आहे, आणि सर्व रचनेचें तें काळीज होय. आरंभीं सांगितलेलें जुनें लॅटिन द्वंद्वयुद्ध येथें आलें आहे. मरण आणि जीवन यांची झुंज झाली, जीवनानें मरणास गिळलें, एका मरणानें दुसऱ्या मरणास खाऊन टाकलें आणि तें हास्यास्पद झालें. तंतुवाद्यें गप्प राहतात; चारही आवाज एकमेकांचा पाठलाग करितात. एकानें एक ओळ उचलली कीं लगेच दुसरा तीच उचलून त्याच्या मागें लागतो, जणूं एक आवाज दुसऱ्यास गिळतो आहे. आणि या धुमाळींत मूळ चाल कोठें आहे? वरच्या आवाजाकडे नाहीं. ती दुसऱ्या आवाजाकडे, गर्दीच्या मध्यभागीं आहे. ती न घाबरतां, न धांवतां, आपल्या वाटेनें चालत असते.

पांचवें कडवें सर्वांत खालचा आवाज एकटा गातो. मिसर देशांत वल्हांडणाच्या रात्रीं कोंकऱ्याचें रक्त दारास लावलेल्या घरांवरून मृत्युदूत ओलांडून गेला, ही निर्गम पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांतील कथा. ख्रिस्त हाच तो कोंकरा, असें कवि म्हणतो. मरण या शब्दावर गायक एका मोठ्या उडीनें खोल खर्जांत उतरतो, आणि थोड्याच वेळानें वरचा एक सूर लांबच लांब धरून ठेवतो. मरणाची खोली किती आणि विश्वासाचा दम किती, हें एकाच गळ्यांतून ऐकूं येतें.

सहाव्या कडव्यांत दोन आवाज जोडीनें गातात. ठेका नाचरा होतो. आम्ही सण पाळतों, प्रभु हाच सूर्य, पापाची रात्र सरली, असा आशय. सातवें कडवें मात्र अगदीं साधें. चारही गट एकाच वेळीं एकच शब्द उच्चारीत, कोणतीही कलाकुसर न करितां चाल गातात. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत जुनें खमीर काढून टाकण्याचा उपदेश आहे. त्यास धरून, ख्रिस्त हीच आमची भाकर, असें म्हणून गीत संपतें. वीस मिनिटें जी चाल नाना वेष घेऊन फिरली, ती शेवटीं घरच्या कपड्यांत आपल्यासमोर येऊन उभी राहते, आणि मंडळींतील म्हाताऱ्या बाईसही ती ओळखतां येते.

या सात कडव्यांची मांडणीही पाहण्यासारखी आहे. समूह, दोन आवाज, एक आवाज, समूह, एक आवाज, दोन आवाज, समूह. पुढून पाहा कीं मागून पाहा, क्रम तोच. मध्यें तें युद्धाचें कडवें. बावीस वर्षांच्या तरुणानें केलेला हा आराखडा पाहिला म्हणजे प्रतिभेस शिस्तीचा कंटाळा असतो हा समज खोटा ठरतो.

पुढें १७२३ त बाख लाइप्झिगच्या सेंट थॉमस शाळेंत संगीतशिक्षक झाला आणि मरेपर्यंत तेथेंच राहिला. म्हणजे तो आमच्याच व्यवसायाचा! त्या शाळेचे विद्यार्थी शहरांतील मंदिरांत गात असत. वरचे दोन आवाज तर तुमच्याएवढ्या मुलांचेच. १७२४ त उत्तम शुक्रवारीं, ७ एप्रिल रोजीं, योहानाच्या शुभवर्तमानावरून रचलेलें ख्रिस्ताच्या दुःखसहनाचें त्याचें मोठें गायन प्रथम झालें. आणि दोनच दिवसांनीं, ईस्टरच्या दिवशीं, त्यानें आपलें हें तरुणपणचें गीत पुन्हां गाऊन घेतलें. १७२५ च्या ईस्टरलाही तें झालें. मूळ हस्तलिखित नष्ट झालें आहे. आज जें आपण ऐकतों तें लाइप्झिग येथें गायक-वादकांकरितां उतरून काढलेल्या प्रतींमुळें. बाखच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवा पत्नीनें अशा गीतांच्या प्रती शाळेस दिल्या आणि शाळेनें त्या जपल्या. पुढें शंभर वर्षांनीं, १८५१ त, बाखच्या समग्र संगीताचा पहिला खंड छापला गेला त्यांत हें गीत आहे. शाळेच्या कपाटांतील जुने कागद केव्हां मोलाचे ठरतील हें सांगतां येत नाहीं!

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतों. या रचनेचा आरंभींचा भाग आणि सातही कडवीं एकाच आधारस्वरावर आणि कोमल गंधाराच्या एकाच उदास छायेंत आहेत. नाचरें सहावें कडवेंही त्यास अपवाद नाहीं. बाखला आनंदाचे सूर ठाऊक नव्हते असें नव्हे. त्याचींच कित्येक गीतें नगाऱ्यांनीं आणि तुताऱ्यांनीं दुमदुमतात. मग येथें त्यानें ती छाया शेवटपर्यंत कां सोडली नाहीं?

आमच्या समजुतीप्रमाणें उत्तर असें आहे. आपला किनारा समुद्रावर जगतो; आणि समुद्र जसा देतो तसा नेतोही. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ वाहतात, गुलाल उडतो, मुलें नवे कपडे घालतात, होड्या पुन्हां पाण्यांत लोटावयाच्या म्हणून सर्वांस उल्हास असतो. परंतु ज्या घरचा माणूस परत आला नाहीं त्या घरची बाई त्या गर्दींत कोठें उभी असते, तें आपण सर्व जाणतों. आज सण आहे, आज हंसलेंच पाहिजे, असें बजावणारें गाणें तिच्या कामाचें नाहीं. तिचें दुःख ज्यास ठाऊक आहे, आणि तें ठाऊक असून जें आशेचा शब्द उच्चारतें, तेंच गाणें तिच्या कामाचें. दहाव्या वर्षाच्या आंत दोन वेळां घरांतील प्रेतामागून चाललेल्या मुलानें पुढें ईस्टरचें गीत रचलें, तेव्हां मरण म्हणजे कांहींच नाहीं असा खोटा दिलासा त्यानें दिला नाहीं. आधीं मरणाकडे नीट पाहिलें. आणि मग प्रत्येक कडव्याच्या अखेरीस, त्याच उदास सुरांत, हालेलूया म्हटलें. एकदां नव्हे, सात वेळां. म्हणून तें हालेलूया पोकळ वाटत नाहीं. रडण्यासारखा वाटणारा तो सूर विजयाचाच आहे; मात्र तो लढाईस गेलेल्याचा आहे, घरीं बसून मिरवणूक पाहणाराचा नव्हे.

कोणी विचारील, परदेशी गीताचा एवढा खटाटोप आम्हीं कशास करावा? आमच्या अभंग-ओव्या काय थोड्या आहेत? हा प्रश्नही योग्य आहे, आणि याचें उत्तर लूथरच्याच कृतींत आहे. लोकांस लोकांच्या भाषेंत व लोकांच्या चालींत गाऊं द्यावें, हाच त्याचा धडा. आपल्याजवळच्या गोव्यांत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्यानें तेंच केलें. मराठीच्या गोडीनें वेडावून त्यानें ओवी छंदांत 'ख्रिस्तपुराण' रचलें आणि तें १६१६ त रायतूर येथें छापून निघालें. लूथर व स्टीफन्स यांचे पंथ एकमेकांस विरुद्ध. परंतु भाषेविषयींची दृष्टि एकच. आणि आपल्या कोंकणांतच, त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें १८६१ त जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं अभंग आणि भजन हीं ख्रिस्ती उपासनेंत रुजविण्यासाठीं आयुष्य वेंचिलें. त्यांच्या भजनांस विलायती पेटीची गरज नाहीं. टाळ आणि एक मोकळा गळा पुरे. यास्तव जर्मन गीताची नक्कल करा असें आम्ही सांगत नाहीं. त्यापासून एवढेंच शिका, कीं वडिलांकडून आलेली चाल टाकून देऊं नये, आणि ती नुसती घोकूंही नये. तिचा प्रत्येक शब्द उलगडावा, आणि ती पुढच्यांच्या हातीं अधिक धनवान करून द्यावी. आपल्या अभंगांवरही असें काम करणारा एखादा विद्यार्थी या शाळेंतून निघावा अशी आमची मनापासून इच्छा आहे.

पालकांस दोन शब्द. गाण्याच्या तालमींत मुलांचा अभ्यासाचा वेळ जातो, अशी तक्रार दरवर्षीं आमच्या कानीं येते. वेळ जातो हें खरें. परंतु दुसरा निराळा सूर गात असतां आपला सूर न सोडणें, आणि आपला सूर गात असतां दुसऱ्याचा ऐकणें, हें शिक्षण गणिताच्या किंवा इतिहासाच्या तासांत मिळत नाहीं. संसारांत मात्र रोज लागतें.

विद्यार्थ्यांनीं हें गीत तीन वेळां ऐकावें. पहिल्या वेळीं केवळ ऐकावें. दुसऱ्या वेळीं मूळ चाल कोणत्या आवाजाकडे आहे तें प्रत्येक कडव्यांत शोधावें. तिसऱ्या वेळीं फक्त हालेलूयाकडे लक्ष द्यावें, आणि सातही ठिकाणीं तें कसें निराळें होत जातें तें वहींत लिहावें. ज्याचें टिपण चांगलें होईल त्यानें तें आम्हांस आणून दाखवावें. आम्हीं न पाहिलेलें त्यानें कांहीं पाहिलें असेल तर तें त्याच्याकडून शिकण्यास आम्हांस आनंदच वाटेल.

आणि मागच्या बांकावरच्या त्या विद्यार्थ्यास सांगावयाचें तें एवढेंच. तुझे कान खरे होते. तूं ऐकलेंस तें बरोबर ऐकलेंस. आतां शेवटच्या कडव्यापर्यंत थांबून पुन्हां एकदां ऐक.